उणे तीनवाली आस्ता

"उतारा सतरावा! मिस्टर ग्रीनच्या ओळीने तीन बस चुकल्या. मिस्टर ग्रीन चिडला होता. बरोबर, चूक, की सांगितलेलं नाही?"

"बरोबर!" आस्ता ओरडली. "तीन बस चुकल्यावर कोण चिडणार नाही?"

"चिडला असं लिहिलंय का?" तिचा मित्र बर्ट्राम याने विचारलं.

"लिहायला कशाला हवं? भर पावसात उभा आहे बिचारा!"

"मग उत्तर, 'सांगितलेलं नाही'. तुला काय वाटतं ते विचारलंच नाहीये, बाई! कागदावर काय आहे ते विचारलंय."

आस्ताने पेन्सिल होडीघराच्या दुसऱ्या टोकाला भिरकावली आणि मग स्वतःच उठून आणली, कारण दुसरी नव्हती. बाहेर पश्चिमेचा झकास वारा सुटला होता. शिडाच्या तिन्ही छोट्या होड्या पाण्यात उतरायला तयार होत्या. पण आईचा हुकूम होता, "रोज इंग्रजीची चार पानं झाल्याशिवाय होडी नाही!"

कारणही तसंच होतं. जूनमधल्या शब्दपरीक्षेत आस्ताला उणे तीन मिळाले होते. शून्याच्याही खाली एक पायरी असते आणि ती गाठायला कर्तृत्व लागतं! टेर्नो बेटावर माणसं एकशे बारा. त्यातल्या एकशे अकरा जणांना ही बातमी संध्याकाळपर्यंत कळली. उरलेली एकशे बारावी आस्ता, तिला ती सकाळीच कळली होती. तेव्हापासून दुकानात गेली तरी कोणी ना कोणी म्हणायचंच, "काय गं उणे तीन, दूध हवंय का?"

"वेळ संपला!" लेर्के किंचाळली. लेर्के म्हणजे आस्ताची दहा वर्षांची बहीण. स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ छातीशी धरून ती पहारा देत होती. "अजून दीड पान बाकी!"

तेवढ्यात बाहेरून ठक्‌ ठक्‌ आवाज आला.

तिघंही दाराशी धावली. दोन अनोळखी माणसं होडीघराभोवती लाकडी खुंट्या ठोकत होती आणि खुंट्यांना नारिंगी फीत बांधत होती. तिसऱ्याने रंगाचा डबा उघडला आणि होडीघराच्या दारावर भली मोठी लाल फुली मारली!

"ए! ते आमचं दार आहे!" आस्ता ओरडली.

माणसं इंग्रजीत काहीतरी बोलली. बर्ट्राम बारा वर्षांचाच, पण संगणकावरचे खेळ खेळून खेळून त्याचं इंग्रजी फर्डं झालेलं. "म्हणतायत, आम्ही फक्त खुणा करतोय. तुमच्या बंदर संघाच्या अध्यक्षांना विचारा."

विचारायला जावं लागलंच नाही. अध्यक्ष टोर्किल पांढरी टोपी सावरत सायकलवरून हजर झाले. त्यांनी वीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली होती, आणि ही गोष्ट ते दर वीस मिनिटांनी सांगत.

"घाबरू नका रे पोरांनो! परदेशी कंपनी आपला मोडका धक्का नवा बांधून देणार आहे. फुकट! बदल्यात इथे सुट्टीची चार घरं बांधेल. शनिवारी सभेत सही करतोय मी."

"आणि आमचं होडीघर?" लेर्केने विचारलं.

"ते कदाचित पाडतील. कदाचित! कंपनीच्या पत्रात तसंच आहे. म्हणजे पाडणार नाहीतच, समज."

"नुसत्या 'कदाचित'वर एवढा रंग कोण वाया घालवेल?" आस्ता म्हणाली.

"उणे तीन, तू आपली पानं पूर्ण कर," टोर्किल हसत म्हणाले आणि घंटी वाजवत निघून गेले.

आस्ताचे कान लाल झाले. हे होडीघर म्हणजे तिचं सर्वस्व होतं. वर्गात ती कितीही अडखळली, तरी पाण्यावर तिची होडी कधीच अडखळत नसे. आणि होडीघर गेलं तर होड्या कुठे ठेवायच्या? बिछान्याखाली?

"चला दुकानात," ती म्हणाली. "पत्र तिथल्या फलकावर लावलंय. मला स्वतःला वाचायचंय."

"तुला? इंग्रजी? आपणहून?" बर्ट्रामने तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

फलकावर वरच्या बाजूला टोर्किल यांनी सुवाच्य अक्षरात केलेलं भाषांतर होतं, आणि त्याच्याखाली झाकलेलं मूळ इंग्रजी पत्र. वरच्या कागदाला लोकांची बोटं लागून लागून डाग पडले होते. खालचा मात्र कोरा करकरीत! एकशे बारा माणसांत एकानेही वरचा कागद उचलून पाहिला नव्हता.

"उतारा एक्केचाळिसावा," आस्ता वरचा कागद उचलत म्हणाली. "प्रश्न पहिला. कंपनी धक्का बांधणार."

"बरोबर!" लेर्के म्हणाली. तिने खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्यांची पुडी फोडली होती आणि परीक्षक असल्यासारखी ती प्रत्येक उत्तराला एक गोळी वाटत होती.

"प्रश्न दुसरा. होडीघर कदाचित पाडणार." आस्ताचं बोट ओळीवरून सरकत सरकत एका शब्दावर थांबलं. तिथेच रुतून बसलं.

"बरोबर," बर्ट्राम म्हणाला. "हा बघ ना शब्द, इव्हेन्च्युअली. आपल्या भाषेतला एव्हेन्टुएल्ट. म्हणजे कदाचित. गोळी दे."

"गोळी देऊ नकोस त्याला!"

आस्ता एवढ्या जोरात ओरडली की दुकानदार अंड्यांच्या मागून डोकावला.

"बर्ट्राम, हा आपला शब्द नाहीच! नुसता दिसायला सारखा आहे, लबाड! परीक्षेत चार वाक्यांत आला होता आणि चारही वेळा मी 'कदाचित' लिहिलं. त्यातलं एक होतं, सगळी माणसं इव्हेन्च्युअली मरतात. मी लिहिलं, सगळी माणसं कदाचित मरतात. बिरगिटबाईंनी समासात लाल शाईने काय लिहिलं माहितेय? 'आस्ता, बातमी छान आहे, पण खरी नाही!'"

बर्ट्राम गोळी गिळायचीही विसरला. "म्हणजे मग…"

"म्हणजे शेवटी. आज नाही, उद्या नाही, पण शेवटी नक्की! होडीघर नक्की पाडणार आहेत!"

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बर्ट्रामचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, म्हणून तो फसला. बिचाऱ्याला आयुष्यात कधी उणे तीन मिळाले नव्हते.

तिघं धावत टोर्किल यांच्याकडे गेली. ते अंगणात स्ट्रॉबेरी वेचत होते. आस्ताने धापा टाकत सगळं सांगितलं. टोर्किल यांनी ऐकलं, आणि पोट धरधरून हसले.

"उणे तीनवाली मला इंग्रजी शिकवणार? अगं, वीस वर्षं मी जहाजावर इंग्रजी बोललो! बारा बंदरांत मला कोणी चूक म्हणालं नाही!"

"तुम्ही बोलायचात तेव्हा ती माणसं तुम्हाला घाबरत असतील," आस्ता म्हणाली. "शब्दकोश उघडून तर बघा!"

"शब्दकोश शाळेत नापास होणाऱ्यांसाठी असतो. जा, खेळा!"

आस्ताच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. फाटकाबाहेर येऊन तिने कुंपणाला लाथ मारली.

"मी बोलतो सभेत," बर्ट्राम म्हणाला. "माझं ऐकतील. मला नेहमी बारापैकी दहा तरी मार्क पडतात."

"नाही! मी बोलणार. हा शब्द माझा आहे. त्याच्यासाठी मी उणे तीन घेतलेत. तुला फुकटात कसा देऊ?"

"पण मुलांना सभेत बोलू देत नाहीत," लेर्के म्हणाली.

तिघंही पुन्हा फलकापाशी गेली. सभेचे सहा मुद्दे लिहिलेले होते. पाचवा होता कंपनीच्या पत्रावर सही. आणि सहावा, कुठल्याही सभेत शेवटी असतो तोच, एव्हेन्टुएल्ट. कदाचित कोणाला आणखी काही सांगायचं असेल, तर हा मुद्दा. यात ठराव होत नाही, पण बोलता येतं कोणालाही. सभासद असो वा नसो, लहान असो वा मोठा.

आस्ता खदखदून हसली. "तोच लबाड शब्द! पण या वेळी आपल्या बाजूने!"

"पण सही पाचव्यात आहे," बर्ट्राम म्हणाला. "सहाव्यापर्यंत खेळ खलास."

लेर्के बराच वेळ गोळी चघळत राहिली. मग तिने विचारलं, "सही करायला काय लागतं?"

शनिवारी दुपारी सभाघर गच्च भरलं. टेबलावर छोटा झेंडा, कॉफीच्या किटल्या, दालचिनीचे गोल पाव. टोर्किल यांच्या शेजारी कंपनीच्या मिसेस पेंबरी बसल्या होत्या. खास इंग्लंडहून आल्या होत्या. मुलांना कॉफी वाटायच्या कामाला लावलं होतं आणि लेर्के तर इतकी मन लावून काम करत होती की तिच्या आईलाच संशय आला. ती प्रत्येक टेबलापाशी जाई, कप ठेवी आणि हातातली बादली सांभाळत पुढे सरके.

"मुद्दा पाचवा!" टोर्किल यांनी छाती फुगवली. "धक्का फुकट, आणि होडीघर कदाचित. आता मी सही करतो." त्यांनी खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. "माझं पेन कुठे गेलं? जरा कोणीतरी द्या रे!"

लोकांनी खिसे चाचपले, पिशव्या उपसल्या. चिटणीसाच्या कानावरचं पेनही गायब! एकशे बारा माणसांच्या बेटावर एक पेन सापडेना!

"राहू दे, सही शेवटी करू. कोणीतरी दुकानातून घेऊन या," टोर्किल वैतागून म्हणाले. "मुद्दा सहावा, एव्हेन्टुएल्ट. कोणाला काही नाही ना? ठीक, मग सभा…"

"मला आहे!"

आस्ता खुर्चीवर चढली होती.

"खाली उतर, उणे तीन," कोणीतरी मागून म्हणालं आणि चारदोन जण हसले.

"हसा!" आस्ता म्हणाली. "उणे तीनच मिळाले मला. पण ते मिळाले म्हणूनच मला माहीत आहे की या पत्रात 'कदाचित' असं कुठेही लिहिलेलं नाही! टोर्किल यांच्या भाषांतराप्रमाणे गेलं, तर सगळी माणसं कदाचित मरतात. म्हणजे आपण कबरस्तानालाही कुलूप लावून टाकूया!"

सभाघरात हशा उसळला. टोर्किल लालबुंद झाले. "वीस वर्षं जहाजावर…"

"तुम्ही पत्र वाचलं नाहीत, टोर्किल. तुम्हाला जे हवं होतं ते वाचलंत! आणि तुम्ही सगळ्यांनी," ती सभेकडे वळली, "तुम्ही तर मूळ कागद उचलूनही पाहिला नाहीत. माझ्या पानांवर मात्र रोज सगळ्यांचा डोळा!"

तिची आई कॉफीच्या कपात बघू लागली.

"खोटं वाटत असेल तर पत्र पाठवणाऱ्यांनाच विचारा," बर्ट्राम म्हणाला.

आस्ता मिसेस पेंबरींकडे वळली. आता इंग्रजीत बोलायचं होतं. सगळ्या बेटासमोर. नाव आधी की क्रियापद आधी? बाविसावं पान तिच्या डोळ्यांसमोर आलं. प्रश्नात क्रियापद पुढे उडी मारतं! तिने श्वास घेतला आणि तुटक तुटक शब्दांत विचारलं, "जाणार का आमचं होडीघर? नक्की? की कदाचित?"

प्रश्न लंगडत निघाला, पण पोहोचला.

मिसेस पेंबरी चकित झाल्या. "नक्कीच जाणार," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "पुढच्या एप्रिलमध्ये. जाणार हे पत्रात स्पष्ट लिहिलंय. मला वाटलं, तुम्हा सर्वांना ते मान्य आहे!"

हा सूर्य, हा जयद्रथ! या वेळी भाषांतराची गरज कोणालाच पडली नाही.

टोर्किल हळूच उठले. त्यांनी टोपी काढली, हे बेटाने फार वर्षांत पाहिलं नव्हतं. "चूक माझी," ते म्हणाले. "सही होणार नाही. होडीघर राहणार असेल तर पुढचं बोलू, नाहीतर आपला मोडका धक्काच बरा." पत्र त्यांनी तसंच मिसेस पेंबरींपुढे सरकवलं. मग आस्ताकडे पाहून म्हणाले, "पोरी, वीस वर्षांत मला कोणी चूक म्हणालं नाही. म्हणावं असं कोणाला वाटलंच नाही बहुधा. तू म्हणालीस. तुझा मला अभिमान वाटतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या गोंधळात लेर्केने बादली टेबलावर उपडी केली. आत एकोणचाळीस पेनं होती!

"आता घ्या परत," ती शांतपणे म्हणाली. "माझं काम झालं."

पंधरा दिवसांनी बोटीतून नवं पत्र आलं. टोर्किल ते न उघडताच थेट होडीघरात घेऊन आले. "आधी तू वाच," ते म्हणाले.

आस्ताने वाचलं. दोनदा. शब्दकोश उघडून तिसऱ्यांदा. "होडीघर राहणार. बरोबर! घरं चारऐवजी तीन. बरोबर! खुंट्या कधी काढणार…" तिने कपाळाला आठ्या घातल्या. "सांगितलेलं नाही."

"त्या आम्हीच उपटतो!" म्हणत बर्ट्राम आणि लेर्के बाहेर पळाली.

दारावरची लाल फुली मात्र धुऊनही जाईना. आस्ताने आपला परीक्षेचा कागद, उणे तीन आणि बिरगिटबाईंच्या लाल शाईसकट, त्या फुलीच्या बरोब्बर मधोमध चार खिळ्यांनी ठोकला. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाने वाचावा म्हणून!

टोर्किल पालथ्या होडीवर बसले होते. त्यांच्या मांडीवर आस्ताचं सरावपुस्तक होतं आणि मिस्टर ग्रीनच्या बसपाशी त्यांची गाडी अडली होती.

"चार पानं झाल्याशिवाय होडी नाही," आस्ताने बजावलं.

"या वयात जमेल का गं मला हे?"

"इव्हेन्च्युअली," आस्ता शीड उचलत म्हणाली.

टोर्किल यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे… कदाचित?"

"नाही, टोर्किल! शेवटी, नक्की!"