तीन बटणांचा खोका

बसा जरा. लाईट काय इतक्यात येत नाय. साहिल, तू परवा हसत हसत सांगत होतास ना, नव्या कामावर कॉम्प्युटर चार आणि कीबोर्ड एकच दिलाय म्हणून? तर ऐक. माझ्या चुलतभावाच्या पोराची, आदर्शची गोष्ट हाय. पेणला असतो तो. त्याला विचारलंस तर सांगणार नाय, म्हणून मी सांगतो.

दोन हजार चोवीस साल. डिसेंबरची सतरा तारीख, मंगळवार. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेले, चांदणं लख्ख. इथे रोह्याला नदीकाठी एका कंपनीचं पंपहाऊस हाय. मी तिथूनच रिटायर झालो. तिथल्या रात्रपाळीच्या माणसाच्या घरी बारसं होतं, त्याला एका रात्रीपुरता बदली माणूस हवा होता. मला फोन आला आणि मी आदर्शचं नाव सुचवलं. पोरगा शिकलेला, पेणला हेच काम करायचा. एका रात्रीचं तर काम, त्यात काय?

संध्याकाळी त्यानं बाईक काढली, खांबला थांबून चहा घेतला, साडेनऊला हजर. आधीच्या पाळीचा विशाल निघायच्या घाईत होता. त्यानं उभ्या उभ्याच सगळं दाखवलं.

"तीन कॉम्प्युटर हायत, खाली कपाटात. वर स्क्रीन एक, कीबोर्ड एक, माउस एक. आणि हा खोका."

वीतभर लांबीचा काळा खोका, त्याला तीन बटणं. एक दाबलं की नदीवरच्या विहिरीचा पंप. दोन दाबलं की फिल्टरच्या टाकीचा. तीन दाबलं की कॅमेरे. ज्या बटणाचा लाल दिवा लागेल ते मशीन तुमच्या हातात.

"एक आणि दोनची स्क्रीन दिसायला सारखीच हाय," विशाल म्हणाला. "पंप चालू करण्याआधी दिवा बघायचा. दोनदा बघायचा."

"दोनदा कशाला?"

विशालनं बॅग खांद्याला अडकवली आणि तो निघून गेला.

दोनदा कशाला ते मला ठाऊक होतं. त्याच्या नऊ वर्षं आधी नदीपल्याडच्या वाडीतला भिकू त्या विहिरीत उतरला होता. पंपाच्या तोंडाला जाळी असते, तिच्यात अडकलेला पाला काढायला. उतरताना खिडकीत येऊन सांगून गेला, "दादा, मी उतरतोय हां." ड्युटीवरच्या माणसानं मान हलवली. थोड्या वेळानं त्याला फिल्टरचा पंप लावायचा होता. त्याला वाटलं, आपण दोनवर हाय. दिवा एकचा होता.

काय म्हणालीस, पूजा? ड्युटीवर कोण होता?

...होता एक.

आदर्शला यातलं मी काहीच सांगितलं नव्हतं. पोरगं उगाच घाबरेल, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली होती.

तर रात्री एक वाजून चाळीस मिनिटं झाली. फिल्टरचा पंप लावायची वेळ. आदर्शनं दोनचं बटण दाबलं. दिवा दोनचा लागला. स्क्रीनवर मात्र कॅमेरे आले. त्याला वाटलं, खोका जुना झालाय. त्यानं परत दाबलं. परत कॅमेरेच. आणि त्यातला विहिरीवरचा कॅमेरा स्क्रीनभर मोठा झालेला.

विहिरीचं लोखंडी झाकण उघडं होतं. काठावर एक माणूस उभा होता, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तो मान वर करून कॅमेऱ्याकडं बघत होता. मग वळला आणि शिडीवरून खाली उतरला. सावकाश. रोजचं काम असल्यासारखा.

आदर्शनं गेटवर वॉचमनला, विठूला, फोन लावला.

"विठूमामा, विहिरीत माणूस उतरलाय. एवढ्या रात्री कोणाला काम दिलंय?"

"कोण नाय रं. झाकणाला कुलूप हाय. चावी माझ्या कमरेला हाय."

"मी बघतोय ना इथं!"

"थांब. जातो."

दोनेक मिनिटांत विठू स्क्रीनवर दिसला. हातात बॅटरी. तो वाकला, कमरेची चावी काढली, कुलूप उघडलं, झाकण उचललं.

म्हणजे झाकण बंदच होतं.

विठूनं आत उजेड टाकला. मग डोकं तिरकं करून ऐकत राहिला... खाली बघून काहीतरी बोलला. परत ऐकलं. मग बॅटरी काठावर ठेवली आणि पाय शिडीवर टाकला.

आदर्शनं फोन लावला. रिंग वाजत राहिली. विठूचं डोकं काठाखाली गेलं. नुसती बॅटरी राहिली, पेटलेली.

तेवढ्यात खोक्यात 'टक्' झालं.

दिवा एकचा लागला. बटण कोणी दाबलं नव्हतं. स्क्रीन बदलली. नदीचा पंप. आदर्शचा हात माउसवर होता, त्यानं तो चटका बसल्यासारखा उचलला. बाण थांबला नाय. स्क्रीनवर सरकत होता. कोपऱ्यातून मधे. मधून खाली. खाली 'चालू'चं बटण...

त्यानं माउसची वायर उपटली.

बाण चालतच राहिला.

दोन दाबलं. तीन दाबलं. दिवा एकचाच. खोकाच ओढून काढला. स्क्रीन काळी झाली. खोलीत काहीच आवाज नाय...

आणि पायाखालची लादी थरथरली.

पंप लागला होता.

पोरगा पळाला. खोलीपासून विहीर साठ पावलं. विहिरीशेजारच्या भिंतीवर पंपाची पेटी हाय, तिच्यावर मोठं लाल बटण. ते दाबलं की पंप जागच्या जागी थांबतो, आणि फिरवून सोडवेपर्यंत दाबलेलंच राहतं. तो धावत पोचला. पंप थांबला. विठू शिडीला मिठी मारून लटकलेला, छातीपर्यंत भिजलेला, एका पायातला बूट गेलेला. आदर्शनं काखेत हात घालून त्याला वर ओढला. मग दोघं तिथंच बसून राहिले.

विठू सांगायला लागला.

"खालून हाक आली रं. 'दादा, हात द्या.' मी उतरलो. हात दिला. त्यानं धरला... घट्ट. मग पंप लागला. पाणी ओढायला लागलं, मी पण चाललो होतो त्याच्याबरोबर..."

"मग?"

"त्यानंच हात सोडला."

दुसऱ्या दिवशी कंपनीत आदर्शचं कौतुक झालं. वेळेत लाल बटण दाबलं, माणूस वाचवला. तो खोका काढून टाकला, तिन्ही मशीनना वेगळे कीबोर्ड आले. नऊ वर्षांपूर्वी कोणाला सुचलं नव्हतं ते एका दिवसात झालं. विठूनं नोकरी सोडली. त्याचं गाव धरमतरच्या खाडीकाठी, पण आता तो पाण्याकडं फिरकत नाय म्हणतात.

शिमग्याला आदर्श माझ्याकडं आला. जेवला नाय. ओट्यावर बसला, तू बसलायस ना साहिल, तिथंच. मी त्याला भिकूचं सगळं सांगितलं. उशिरा का होईना. कोण होता ड्युटीवर, ते पण सांगितलं. त्यानं खाली मान घालून ऐकून घेतलं. मला वाटलं, आता उठेल आणि परत या घराची पायरी चढणार नाय.

तो म्हणाला, "काका, सगळे म्हणतात मी लाल बटण दाबलं. मी नाय दाबलं."

"मग?"

"मी पोचलो तेव्हा ते आत गेलेलं होतं."

"विठूनं..."

"विठूमामा तर विहिरीत होता. दुसरं कोणी नव्हतं तिथं." त्यानं अंगठा पुढं केला. "त्या बटणावर गाळ होता काका. नदीचा, काळा. ओला. अंगठा उमटला होता त्यात. आणि खाली लादीवर, विहिरीपासून पेटीपर्यंत... पाण्याचा एक थेंब नव्हता."