नऊ नंबरचं घरटं

होडीतून बेटावर पहिलं पाऊल टाकणार, तेवढ्यात मागून कुणीतरी माझी सॅक ओढली. मी धपकन होडीतच बसले.

"माफ करा," तो म्हणाला, "तुमच्या पायाखाली अंडी हायत."

बघितलं तर खरंच... वाळूत एक खळगा, त्यात तीन ठिपकेदार अंडी. म्हणजे त्याचं बरोबर होतं. बरोबर असणारी माणसं मला फारशी आवडत नाहीत.

हा उत्तरेश्वर, तेलगावचा. माझ्यासारखाच बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, कॉलेज तेवढं वेगळं. मी शिवकन्या, बीडची. आम्ही बारा जण आठ दिवस रोज सकाळी धरणातल्या या ओसाड बेटावर जाणार होतो. तिथं माणूस सोडाच, बाभळीचं झुडूपसुद्धा नाही. राहतात फक्त सुरय, काळ्या डोक्याचे आणि पिवळ्या चोचीचे पक्षी. ते उघड्या वाळूतच अंडी घालतात, आणि त्याच आठवड्यात वरच्या धरणाचं पाणी कालव्यानं इथं सुटणार होतं, म्हणजे घरटी बुडणार होती.

आम्हाला इथं आणणाऱ्या सुंदरराव सरांनी काम समजावलं. वाळूचं पोतं मांडायचं, त्यावर घरटं अलगद उचलून ठेवायचं. दिवसाला एकच पोतं. एकदम उंच केलं तर पक्षिणीला आपलं घरटं ओळखू येत नाही, ती अंडी सोडून देते. सरांनी जोड्या लावल्या आणि माझ्या वाट्याला उत्तरेश्वर आला.

"तुमी नेहमीच एवढ्या गप असता?" त्यानं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"कामाच्या वेळी."

"आन् काम संपल्यावर?"

"घरी जाते."

तो हसला. हसला की त्याचे डोळे पार मिटायचे. मी वाळू भरत राहिले, पण ती पोत्यात कमी आणि माझ्या बुटात जास्त जात होती. चौथ्या दिवशी आम्ही अरे-तुरेवर आलो. कसे, ते आठवत नाही.

सहाव्या दिवशी पाणी भराभर चढलं. आमच्या वाट्याचं नऊ नंबरचं घरटं सगळ्यात खाली. उत्तरेश्वर आणखी पोती आणायला गेला होता. मी घाबरले आणि एकदम दोन पोती टाकली. तो आला तेव्हा म्हणाले, "एकच टाकलंय."

अकरा वाजेपर्यंत बाकीच्या सगळ्या पक्षिणी घरट्यात बसल्या. नऊ नंबरची बसेना. ती वर घिरट्या घालत ओरडत होती, आणि उन्हात अंडी तापत होती.

"दोन टाकलीत," मी म्हणाले. "खोटं बोलले मी."

गुडघ्यावर बसून त्यानं अंडी ओंजळीत घेतली. मी एक पोतं ओढून काढलं. आता घरटं पाण्यापासून जेमतेम चार बोटं वर होतं.

"पाणी वाढलं तर?"

"आधी तिला येऊ दे. मंग अर्धं पोतं टाकू."

आम्ही लांब जाऊन एका टॉवेलखाली बसलो. दहा मिनिटं गेली... पंधरा. मला रडू आलं. तीन जीव माझ्या हातून जाणार होते. मग पक्षीण पाण्यावर उतरली, अंडी गार करायला पोट भिजवलं, घरट्याभोवती एक फेरी मारली आणि बसली.

"सांगितलं नसतंस तर मला कळलंच नसतं," उत्तरेश्वर म्हणाला. "कावून सांगितलंस?"

"मग रोज तुझ्याकडे बघताना—" मी थांबले.

"काम तर दोनच दिवस उरलंय." त्यानं हळूच विचारलं, "रोज म्हंजी किती दिवस?"

एका दिवसात दोनदा खोटं बोलायची माझी तयारी नव्हती.

"ते मोजलं नाही. तू मला आवडतोस. आता बोलू नकोस, ती उडेल."

तो खरंच बोलला नाही. टॉवेल माझ्याकडे सरकवून स्वतः उन्हात बसला. चार वाजता आम्ही अर्धं पोतं टाकलं आणि परत लांब जाऊन थांबलो. पक्षीण पुन्हा येऊन अंड्यांवर नीट बसली, तेव्हा कुठं त्यानं तोंड उघडलं.

"मला बी," तो म्हणाला. "लई."