करपलेली साखर

"संध्याकाळी मी पोलिसांना बोलावणार," आजी म्हणाल्या. "त्याआधी पुरावा शोधून द्या. त्या बाईने माझ्या नातीला विष घातलंय."

नात दीड वर्षाची. काल तापात तिचे डोळे फिरले, हातपाय ताठ होऊन झटकायला लागले आणि घराच्या काळजाचं पाणी झालं. आता ती सुनेच्या मांडीवर निजली होती, ओठसुद्धा पांढरेफटक. तिला सांभाळणारी ताई दाराशी बसली होती. पोलीस आले तर तिला पुन्हा कुठल्याच घरात काम मिळणार नव्हतं.

गुप्तहेर बाईंनी जांभई गिळली. हल्ली त्यांना माणसांचाच कंटाळा येई. त्यांचा जुना सहकारी नाना गुडघे चोळत खुर्चीत टेकला. त्याच्या मते चोर दाराशीच बसला होता.

"विष कशावरून?" बाईंनी विचारलं.

"महिन्यापूर्वी पोरीची शी डांबरासारखी काळी व्हायला लागली. मी नजर ठेवली, तेव्हा थांबलं. आता परत काहीतरी घातलं असणार!"

"मी फक्त रक्तवाढीचे थेंब देते," ताई म्हणाली. "वहिनींनी सांगितलेले. एक दिवस चुकवला नाही."

"तरी कालच्या तपासणीत लोह कमीच निघालं," सून थकून म्हणाली.

बाईंनी बाटलीतला एक थेंब जिभेवर ठेवला. "नुसतं गोड."

"पोरांचं औषध गोडच असणार," नाना म्हणाला.

स्वयंपाकघरात एक पातेलं भिजत पडलं होतं, बुडाशी काळा थर.

"साखर करपली," आजी घाईने म्हणाल्या. "वय झालं. लक्ष राहत नाही."

"लंगोटांवर तर छान राहतं," बाई म्हणाल्या. म्हातारीला टोमणा कशाला, असं नानाला वाटलं.

बाईंनी डॉक्टरांना फोन केला आणि मग सगळ्यांना समोर बसवलं.

"लोहाच्या थेंबांनी शी काळी होते. औषध पोटात जात असल्याचीच ती खूण. खूण थांबली, बाटली मात्र उतरत राहिली. लोहाला गंजक्या खिळ्यासारखी चव असते, हे पाणी नुसतं गोड आहे. आणि त्याला औषधाचा रंग यायला साखर करपवावी लागते. आजी, खरे थेंब कुठे ओतलेत?"

"मोरीत," आजी म्हणाल्या. "हिने बाटलीत विष कालवलंय असं वाटलं. हिला संशय येऊ नये म्हणून प्रत्येक नव्या बाटलीत साखरेचं पाणी भरत राहिले. पोरीला वाचवत होते हो मी! म्हणजे झटका माझ्यामुळे आला?"

"झटका तापाने आला. अंगात लोह कमी असलं तर तो येण्याची शक्यता वाढते, एवढंच डॉक्टर म्हणाले. पोरं यातून बहुतेक सुखरूप बाहेर पडतात."

"शी काळी होईल, घाबरू नका, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं," सून हळूच म्हणाली. "आई, तुम्हाला सांगायचं राहिलं. आपण बोलतो कुठे?"

नानाने मान खाली घातली. संन्याशाला सुळी द्यायला तोही निघालाच होता.

आजी उठल्या आणि ताईसमोर जमिनीवर बसल्या. "उद्या येशील?"

ताईने डोळे पुसले. "येईन. पण नव्या बाटलीतला पहिला थेंब तुम्ही चाखायचा. रोज, माझ्यासमोर."