संदर्भासाठी दिलेला नंबर

आण तो कागद इकडे. आणि चष्मा दे टेबलावरचा... हं. रेझ्युमे एका पानात बसवलास, बरं केलंस. छंद-बिंद लिहिले नाहीस, तेही बरं. खाली संदर्भ म्हणून हा कुणाचा नंबर? काकांचा? आहेत ना काका? हसू नका रे. मुद्दाम विचारतोय.

बसा मग सगळेच. प्रिंटर काही पळून जात नाही. अकरा वाजून गेलेत, तरी सांगून टाकतो.

या हॉस्टेलचा रेक्टर होण्याआधी मी कॉलेजात नोकऱ्यांचं काम बघायचो. कंपन्यांना पत्रं लिहायची, मुलांचे रेझ्युमे तपासायचे, मुलाखतीच्या दिवशी पाहुण्यांची सरबराई करायची. त्या वर्षी शेवटच्या वर्गात दोन मित्र होते. एकाच्या शर्टाची घडी कधी मोडलेली नसायची, त्याला मुलं इस्त्री म्हणायची. दुसरा उंचीला बेताचा, गोल तोंडाचा, तो बटण. दोघं मिळून एक सदरा, असं चिडवायची.

दोघांच्या घरची परिस्थिती बेताची. संध्याकाळी दोघं एका लिफ्ट दुरुस्तीच्या ठेकेदाराकडे जायचे. बटणला त्या कामाची खरी आवड. तो खाली लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचा, इस्त्री गच्चीवरच्या मशीनरूममध्ये मेन स्विचपाशी उभा राहायचा. खड्ड्यात माणूस असेपर्यंत स्विचपासून हलायचं नाही, हा ठेकेदाराचा एकच नियम. हात घालण्याआधी बटण दर वेळी खालून फोन करायचा. "स्विच बंद आहे ना?" इस्त्री म्हणायचा, "बंद आहे." मग काम सुरू.

बटण माझ्याकडे रेझ्युमे घेऊन आला होता. अनुभव या मथळ्याखाली एकच ओळ. लिफ्ट दुरुस्ती, दोन वर्षे.

मी म्हटलं, "अरे, यात वाचणाऱ्याला कळणार काय? किती लिफ्ट केल्यास? कोणते बिघाड काढलेस? आकडे लिही, आकडे."

तो म्हणाला, "सर, लिफ्ट चालू झाली की लोक वर जातात. मोजतं कोण?"

मी लाल पेनानं समासात लिहिलं, 'कमकुवत. आकडे नाहीत.' आणि त्याला दाखवून कागद त्याच्या फाईलला लावला. शुक्रवारी अठरा नोव्हेंबरला संध्याकाळी यावर तास घेणार होतो, त्याला ये म्हटलं. म्हणाला, काम आहे सर, जमणार नाही.

तासाला इस्त्री आला. सातला पाच-दहा मिनिटं असतील, मागचं दार ढकलून शेवटच्या बाकावर बसला. धापा टाकत होता. मी फळ्यावर लिहीत होतो, 'काय होतात ते नको, काय केलंत ते लिहा.' तेवढ्यात कुणाचा तरी फोन थरथरला. वळून बघितलं, तर इस्त्री तोंडावर हात धरून हळूच म्हणाला, "बंद आहे." आणि फोन खिशात टाकला.

मी रागावलो. म्हटलं, "बंद असता तर बोललास कसा? कर आता खरंच बंद."

वर्ग हसला. त्यानं फोन बंद केला. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्याच वेळी पलीकडच्या रस्त्यावरच्या सहा मजली इमारतीत एक गृहस्थ म्हाताऱ्या आईला घेऊन लिफ्टपाशी उभे होते. आईला जिने चढवेनात. ते वैतागून गच्चीवर गेले. मशीनरूम उघडी. आत कुणी नाही. स्विच खाली पाडलेला दिसला, तो त्यांनी वर केला.

...

चौकशी झाली. ठेकेदाराच्या कागदावर दोघांपैकी कुणाचंच नाव नव्हतं. इस्त्री म्हणाला, मी ऑक्टोबरातच काम सोडलं होतं. ठेकेदारानंही हो म्हटलं, नोंद नसलेल्या दोघांपेक्षा एकाचंच निस्तरणं त्याला सोपं होतं. खरं काय ते सांगायला बटण उरला नव्हता. एकटा उतरला, नियम मोडला, असं लिहून फाईल मिटली.

महिन्याभरानं बटणची आई कॉलेजात आली. त्याची प्रमाणपत्रं घ्यायला. मी फाईल काढून दिली. त्यात तो रेझ्युमेही होता. बाई शिकलेल्या नव्हत्या. त्या लाल अक्षरांवर बोट ठेवून म्हणाल्या, "सर, हे तुम्ही लिहिलंय? त्याच्याबद्दल चांगलंच लिहिलं असेल."

मी हो म्हणालो.

जानेवारीत इस्त्रीचा रेझ्युमे आला माझ्याकडे. काय लिहिला होता म्हणून सांगू. अठ्ठेचाळीस लिफ्टची देखभाल. बिघाड शोधण्याचा वेळ निम्म्यावर आणला. दोन वर्षांत एकही अपघात नाही. कालावधी, ऑक्टोबरपर्यंत. मी ती ओळ दोनदा वाचली. ती सगळी कामं कुणाच्या हातची, हे मला माहीत होतं. पण तारखेनं वाक्य खरं ठरत होतं, आणि मीच शिकवलं होतं तसं ते लिहिलेलं होतं. वरचा अर्धा भाग मी वर्गात पडद्यावर लावला. म्हटलं, याला म्हणतात रेझ्युमे.

खालची ओळ मी पाहिली नाही. संदर्भाची ओळ कोण बघतं? तिथं त्यानं बटणचं पूर्ण नाव लिहिलं होतं. पुढे, 'वरिष्ठ सहकारी'. आणि बटणचा मोबाइल नंबर. ठेकेदार त्याच्यासाठी आणखी खोटं बोलणार नव्हता, दुसरं कुणी नव्हतं. आणि बटणचा फोन त्याच्याबरोबरच खड्ड्यात चुरा झालेला. नंबर लागणार नाही, कंपनी एक-दोनदा बघेल, सोडून देईल. असा त्याचा हिशेब.

सोळा फेब्रुवारी, गुरुवार. इस्त्रीची मुलाखत झाली. उठताना कंपनीच्या बाई हसून म्हणाल्या, "तुमच्या वरिष्ठांशी काल रात्री बोलले मी. फार आपुलकीनं बोलले तुमच्याबद्दल. आवाज मात्र घुमत होता, विहिरीतून बोलल्यासारखा."

तो खोलीवर आला. जोडीदार गावाला गेलेला. जेवला नाही. स्वतःची समजूत घालत बसला, की नंबर मोबाइल कंपनीनं दुसऱ्या कुणाला दिला असेल. त्या कुणीतरी गंमत केली असेल. मग वाटलं, एकदा लावून बघावा. खात्री तरी होईल.

रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी त्यानं नंबर लावला.

घंटी वाजली.

तिसऱ्या घंटीला उचलला. हॅलो नाही, काही नाही. पाणी ठिबकल्याचा आवाज. लांब कुठंतरी साखळी हलल्यासारखी. मग...

"स्विच बंद आहे ना?"

त्यानं फोन कापला. पलंगावर फेकला. फोन तिथंच वाजायला लागला. बटणचं नाव. त्यानं पुन्हा कापला. पुन्हा वाजला. त्यानं फोनच बंद केला. काळा पडदा. हातात धरून बसला.

वाजला.

काळ्या पडद्यावरच वाजला... त्यानं कानाला लावला.

"स्विच बंद आहे ना?"

रागानं नाही. रोज विचारायचा तसं. काम करून घरी जायचंय, तसं.

पावणेदोन वाजता त्यानं माझं दार ठोठावलं. पायात चप्पल नाही. शर्ट चुरगाळलेला, तसा मी त्याला कधी पाहिला नव्हता. सगळं सांगितलं. फळ्याकडे पाठ करून मी ज्या फोनवरून त्याला रागावलो तो कुणाचा होता, ते मला त्या रात्री कळलं.

मी विचारलं, "मग तू काय म्हणालास?"

तो चुरगाळलेला शर्ट हातानं सरळ करत राहिला.

"काय म्हणालास?"

"काय म्हणणार, सर... बंद आहे म्हणालो."

दुसऱ्यांदा.

मी म्हटलं, "उजाडलं की त्याच्या आईकडे जा. मी येतो बरोबर. सगळं सांग."

"आणि नोकरीचं, सर?"

ती सोड, असं म्हणायला हवं होतं.  मी आत जाऊन त्याला पाणी आणून दिलं. उजाडल्यावर तो उठला, माझ्या चपला घातल्या, खोलीवर गेला. मी अडवलं नाही. त्याच्या आईकडे तो गेला नाही. मीही गेलो नाही.

सोमवारी त्याचं नेमणुकीचं पत्र आलं. तो रुजू झाला. त्या वर्षीच्या माहितीपत्रकात आमच्या कॉलेजनं छापलं, बावन्न विद्यार्थ्यांना नोकऱ्या. त्यात तो एक. आकडा मीच दिला होता.

काय रे? आता कुठं असतो? तिथंच. वर चढलाय म्हणतात. फोन बदलत असतो सारखा.

मार्चमध्ये कंपनीनं भरती झालेल्या मुलांच्या कागदांच्या प्रती कॉलेजकडे पाठवल्या. दरवर्षी पाठवायचे. इस्त्रीच्या कागदांत संदर्भ तपासणीचा एक फॉर्म होता, कॉम्प्युटरवर भरलेला. मी दार लावून वाचला. संपर्क, पंधरा फेब्रुवारी, रात्री नऊ वाजून पाच मिनिटं. काम कसं होतं? चांगलं. स्वभाव? मित्र आहे माझा. कधीपर्यंत काम केलं? तिथं ऑक्टोबर नव्हतं. अठरा नोव्हेंबर, सात वाजून दहा मिनिटं.

कंपनीत कुणी ते रेझ्युमेशी ताडून पाहिलंच नव्हतं.

मी त्या बाईंना फोन केला. म्हटलं, सहज विचारतोय, शेवटचा प्रश्न विचारलात तेव्हा ते नेमकं काय म्हणाले?

बाई म्हणाल्या, "शेवटचा मी विचारलाच नाही, सर. त्याआधी फोन कट झाला. तो रकाना मी कोराच सोडलाय."

कागद माझ्या हातात होता. शेवटचा प्रश्न छापलेला होता, 'पुन्हा संधी मिळाल्यास या व्यक्तीबरोबर काम कराल का?'

खाली त्याच अक्षरांत, त्याच ठशात...

'हो. जागा ठेवली आहे.'