टरफलांचं पोतं

नियम तुम्ही काढलात प्राचार्यसाहेब, आणि जीव माझा जाळलात. प्रयोगशाळेत कुणी एकट्याने थांबायचं नाही, कायम दोघं पाहिजेत. सही ठोकताना एकदा तरी मनात आलं का, की ते दुसरं माणूस कोण असेल?

ज्योत्स्ना होती.

लासलगावला आमचं कांद्याचं खळं आहे, माल निवडून पोती भरायचं. बाबा लिलाव बघतात, खळं मी बघते. उन्हाळ कांद्याची निवड चालू असताना देवराम पहिल्यांदा आला. सुरगाण्याचा, सावळा, नाशिकच्या कॉलेजात संशोधन करणारा. म्हणाला, मॅडम, टरफलं मिळतील का? मी म्हटलं, कांदा सोडून टरफलं मागणारे तुम्ही पहिलेच.

मग त्याने समजावलं. कांद्याच्या टरफलात क्वेर्सेटिन नावाचं पिवळं, औषधी द्रव्य असतं. एरवी ते काढायला उग्र वासाची, चटकन पेटणारी रसायनं वापरतात. हा ते लिंबूसत्व आणि ग्लुकोजच्या पाकात काढत होता. सांडलं तरी जमिनीचं वाटोळं नाही. दोन्ही कोरड्या पावडरी, थोडंसं पाणी घालून एकत्र गरम केल्या की पातळ होतात म्हणे.

“एवढ्या कोरड्या, आणि पातळ कशा होतात?”

“एकेकट्या नाही होत,” तो म्हणाला. “जवळ आल्या की... राहवत नाही त्यांना.”

आणि माझ्या केसात अडकलेलं टरफल त्याने इतक्या हळू काढलं, की मी मजुरांवर ओरडायचंच विसरले.

मग तो दर शनिवारी यायला लागला. पोत्याचं तोंड मी धरायची, भरायचा तो. अंबूबाई कांदे निवडता निवडता टोमणा मारायची, टरफलापायी एवढ्या लांबून कोन येतंय गं? ऐकून बरं वाटायचं. पण याच्या तोंडी सारखी ती, त्याच्याबरोबर संशोधन करणारी. ज्योत्स्नाने पाक ढवळायचं मशीन लावलं, ज्योत्स्नाने डबा आणला, उशीर झाला तर ज्योत्स्ना थांबते, नियमच आहे. एकदा मी आलं घालून चहा ठेवला, तर निघतो म्हणाला, ज्योत्स्ना खोळंबली असेल. तो चहा मी मोरीत ओतला. कांद्यात वाढलेल्या बाईच्या डोळ्यांना पाणी येत नाही म्हणतात. त्या दिवशी... जाऊ दे.

गेल्या शनिवारी तो आलाच नाही. मी पोतं भरलं, पिकअपमध्ये टाकलं आणि नाशिक गाठलं. भांडायलाच.

दारातून बघते तर एका काचपात्रावर दोघांची डोकी अगदी जवळ. ती दिसायला छान होती, त्याचाही राग आला. मी पोतं धाडकन खाली टाकलं. देवराम दचकला. ती मात्र कपाळाला हात लावून हसायला लागली.

“तृप्ती ना तुम्ही? बाई, पोती बास करा आता. आम्हाला मूठभर टरफलं महिनाभर पुरतात. तिकडे कोपऱ्यात ढीग लागलाय, उंदीर झालेत. आणखी एक पोतं आणलंस तर मी थांबणार नाही, असा दम दिला याला. म्हणून आज तिकडे आला नाही बिचारा.” तिने पर्स उचलली. “नियमात दोघं लिहिलंय. कोणती दोघं, ते नाही. बसा तुम्ही. मी चालले घरी.”

ती गेली. मशीन घुर्रऽऽ फिरत राहिलं. आत पाक हळूहळू पिवळा होत होता.

“मूठभर लागतात,” मी म्हटलं. “मग पोतं कशाला न्यायचास?”

तो काचेकडे बघत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“पोतं भरायला वेळ लागतो,” तो म्हणाला. “मूठ भरायला नाही लागत.”

साहेब, त्या क्षणी मी तुमचा नियम माफ केला. त्याला मात्र केलं नाही. इतके महिने मी जळत होते, आणि हा आपला टरफलं भरत होता.

“हे बघ देवराम,” मी म्हटलं, “रविवारी बाबा घरी असतात. ते आधी आडनाव विचारतील, मग गाव विचारतील, मग तोंड वाकडं करतील. मी तुझ्या शेजारी बसेन, उठणार नाही. मशीनकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. येतोस की नाही?”