न आलेली लाट

ही घटना खरी आहे. त्या संध्याकाळी तलावाच्या पाळूवर, म्हणजे बांधावर, असलेल्या कुणालाही विचारा. तलावाचं नाव तेवढं लिहीत नाही, कारण लोक तिथं आजही बोटीत बसायला जातात.

वालूरपासून थोडं आत एक गाव आहे. माघातला शुक्रवार. दिवस मावळायला आला होता आणि तलावाच्या पाळूवर ग्रामसभा भरली होती. विषय एकच... मोटरबोटीचा वेग.

नीलम उभी राहिली. मासेमाराची लेक, फिजिक्स शिकलेली. तिचे वडील बालाजी रोज थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकतात. मागच्या पावसाळ्यात तिचे काका महारुद्र बोटीच्या लाटेनं पलटले. वर आलं ते जाळ्यात गुरफटलेलं प्रेतच.

“ताशी दहा किलोमीटर. त्याच्या वर बोट पळवायची न्हाई,” ती म्हणाली.

बोटवाले तात्याराव हसले. “लोकं परभणीहून यायलेत ते काय बैलगाडीगत फिरायला? तुज्या बापाला घेऊन काठावर बस की!”

“आमी काठावर बसलो तर मासे काय तुमी धरणार, तात्या? जिवंत मासा बघून तुमाला घाम फुटतो.”

हशा पिकला. तात्याराव चिडले. “रिकामा तराफा बांधा जाळ्यापाशी. मी फुल स्पीडनं जवळून जातो. पलटला तर तुजे दहा कबूल!”

तराफा बांधला. बोट सुटली. इंजिनाचा आवाज पाळूवर आदळला. बोट तराफ्याला खेटून गेली...

आणि लाट उठलीच नाही.

बोटीमागं पाणी परातीतल्यासारखं सपाट. फेस नाही. एक वलय नाही.

नीलम पाण्याच्या कडेला धावली. एवढी जड बोट पाणी सारल्याशिवाय पुढं जाऊच शकत नाही. मग सारलेलं पाणी गेलं कुठं?

लोक टाळ्या वाजवत होते. तात्यारावांनी बोट काठाला आणून इंजिन बंद केलं.

तेव्हा आवाज आला...

ठण्... ठण्...

मासे जाळ्याकडं पळावेत म्हणून मासेमार तराफ्यावर बसून पत्र्याचा डबा वाजवतात. तसाच आवाज.

तराफ्यावर कुणी नव्हतं. डबाही नव्हता.

बालाजींनी लेकीचं मनगट धरलं. “महारुद्र असाच वाजवायचा. त्याचाच हात हाय ह्यो...”

आवाज थांबला. निवांत पाण्यावर तराफा एका बाजूनं दबला... हळूहळू... कुणी कडेला धरून वर चढत असल्यागत.

आणि पलटला.



“लाटच नव्हती,” तात्याराव पुटपुटले. “माजी बोट तर बंद हाय.”

“कशानं पलटायचा ते ठरलंच नव्हतं.” नीलमनं आवाज चढवला. “पलटला ना? मग दहा!”

सरपंच दगडाबाईंनी आधी हात वर केला. मग सगळ्यांनी. शेवटी तात्यारावांनीही.

आता बोट दहानंच चालते. नीलमनं खूप डोकं चालवलं. वारा, पाण्याची खोली, बोटीचं वजन... उत्तर सापडत नाही. तिला वाटतं, ती लाट विरलेलीच नाही. ती अजून यायची आहे.

म्हणून रोज सकाळी वडिलांच्या आधी तिचा तराफा पाण्यात उतरतो. जाळ्यापाशी जाऊन ती वडिलांकडं पाठ करून, खोल पाण्याकडं तोंड करून बसते.

“यायचं तर आधी माज्यावरून ये,” ती म्हणते.

पाणी सपाट असतं...