चौदा पावलं

माझं काम बघण्याचं होतं. दार उघडताना नायिकेच्या हातांत हातमोजे असले आणि आठ दिवसांनी घेतलेल्या पुढच्याच शॉटमध्ये ते गायब झाले, तर अख्खं थिएटर हसतं. तसं होऊ नये म्हणून मी कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसून सगळं वहीत टिपून ठेवत असे. ग्लासात पाणी किती होतं, सिगारेट कुठवर जळली होती, कोटाचं कितवं बटण उघडं होतं. दिग्दर्शक विसरतो. नट तर आपण काल कोणाशी भांडलो तेही विसरतात. मी विसरत नसे. एकेचाळिसाव्या वर्षीही मला सगळे स्क्रिप्ट गर्लच म्हणत, कारण आमच्या धंद्यात बाई एक तर गर्ल असते, नाहीतर घरी बसलेली असते.

सोळा वर्षांत माझ्या वहीत एकही खोटी नोंद झाली नव्हती. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते याच्यामुळेच झालं.

१९३७ च्या ऑगस्टमध्ये लेनोर ग्रँटली गेली. सांता मोनिकाच्या घरी दुपारी जरा आडवी झाली, ती उठलीच नाही. आमच्या स्टुडिओची ती सगळ्यात मोठी तारका. तिने भांग बदलला की देशभरातल्या पोरी भांग बदलायच्या. तिचं शेवटचं चित्र जवळजवळ पुरं झालं होतं, फक्त अकरा शॉट राहिले होते. अंत्यविधीहून परतताना दिग्दर्शक मॉर्टन कील माझ्या गाडीत येऊन बसले. हातातली टोपी फिरवत त्यांनी विचारलं, अकराच्या अकरा शॉट दुसऱ्या मुलीवर पाठमोरे घेता येतील का. मी येतील म्हणाले. म्हणताना मला वाईट वाटलं, पण फार नाही. साठ माणसांच्या चुली त्या चित्रावर पेटत होत्या, त्यांत माझीही होती.

चाळीस मुली उभ्या करून त्यांतून डॅग्नी लिंडक्विस्ट निवडली. वय तेवीस, मिनेसोटाची. व्हाइन स्ट्रीटवरच्या एका खानावळीत केक आणि कॉफी वाढायची. उंची, खांदे, केसांचा पोत, सगळं लेनोरच्या मापाचं. चेहरा मात्र अगदी वेगळा होता, रुंद आणि मोकळा, हसली की डोळे मिटणारा. कील साहेबांनी तिला शब्द दिला होता की हे काम नीट झालं तर पुढच्या चित्रात एक छोटी भूमिका, समोरून, चार वाक्यांची. तिच्या गावात एकच थिएटर होतं आणि तिची आई दर शनिवारी तिथे तिसऱ्या रांगेत बसायची. एकदा तरी आईला आपला चेहरा त्या पडद्यावर दिसावा, एवढंच त्या पोरीला हवं होतं. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. इथे सगळेच सांगतात, पण तिचं मी ऐकून घेतलं.

तिला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. लेनोरची प्रत्येक लकब माझ्या वहीत होती. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली. बसण्याआधी किंवा जाता जाता खुर्चीच्या पाठीवर दोन बोटं टेकवायची सवय. झोपण्याच्या खोलीच्या सेटवर दारापासून खिडकीपर्यंत चौदा पावलं. शेवटच्या आठवड्यात तिला एक नवीच सवय लागली होती, डाव्या हाताने गळ्याखालचं हाड चाचपण्याची. तीही मी टिपली होती.

नियमाप्रमाणे मी डॅग्नीमधल्या न जुळणाऱ्या खोटीही लिहून घेतल्या. मानेवर उजवीकडे केसांखाली तीळ. डाव्या कानाची पाळी चिकटलेली, लेनोरची सुटी होती. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या सांध्यावर सुरीचा जुना व्रण. चाल लांब, दारापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं. तिळावर मेकअप, कानावर केस आणि हातावर बाहीची लेस ओढून घ्यायची, असं मी समोर लिहिलं.

पहिले दोन दिवस तिला चौदा पावलं काही जमेनात. मी खडूने जमिनीवर खुणा केल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या पुसून टाकायला सांगितल्या, कारण तिची पावलं बरोबर पडत होती. मला बरं वाटलं. मी चांगली मास्तरीण आहे असं मी कॅमेरामन गस पालांकाला म्हणालेसुद्धा. त्याच दिवशी मेकअपवाल्याने विचारलं की ही मानेवरच्या तिळाची काय भानगड आहे, मला तर तीळ सापडत नाही.

मी स्वतः जाऊन पाहिलं. मान गोरीपान होती. कालचा मेकअप नीट निघाला नसेल असं मी म्हणाले आणि ओल्या फडक्याने पुसलं. फडकं स्वच्छ राहिलं.

गसला सांगितलं तर तो भिंगातून डोळा न काढता हसला. “फिल्मवर दिसत नाही ना? मग तो नाहीच, विनी. तुला त्रास कशाचा?”

आदल्या दिवशी घेतलेलं चित्रण आम्ही दुसऱ्या दिवशी जेवणानंतर छोट्या खोलीत बघायचो. कील साहेब पुढे, गस त्यांच्या शेजारी, मी मागे टाचणीएवढ्या दिव्याखाली वही घेऊन. शुक्रवारी खिडकीचा शॉट आला. डॅग्नी पाठमोरी खिडकीशी उभी. सेटवरच्या खिडकीच्या काचेवर आमची माणसं नेहमी साबण फिरवतात, नाहीतर दिवे त्यात चमकतात. त्या दिवशी साबण फिरवला होता, मी पाहिलं होतं, माझ्या नोंदीत आहे. साबण फिरवलेल्या काचेत काही दिसत नाही.

त्या काचेत एक चेहरा दिसत होता. रुंद नव्हता. निमुळता होता, डोळे अर्धे मिटलेले, देशातल्या कोणत्याही पोराने ओळखला असता असा.

मी गसच्या मानेकडे बघत राहिले. ती हलली नाही. दिवे लागले तेव्हा कील साहेबांनी मागे वळून रोजचाच प्रश्न विचारला, “विनी, जुळतंय ना?” मी वहीत पाहिलं. पडदा, गाऊन, खांदा, केस. सगळं जुळत होतं. मी तसं सांगितलं. काचेबद्दल बोलले नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं, मी बोलले आणि त्यांना ते दिसलंच नसलं, तर माझ्या नजरेवर कोणाचा विश्वास राहणार नाही. नजरेशिवाय माझ्याजवळ दुसरं होतं काय?

सोमवारी डॅग्नी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आली. मी मागच्या अंगणात झाडाखाली उकडलेलं अंडं खात बसले होते. तिच्या हातात आईचं पत्र होतं. तिने दहाबारा दिवसांपूर्वी स्टुडिओच्या फोटोवाल्याकडून स्वतःचा फोटो काढून घरी पाठवला होता, साध्या कपड्यांतला, केस मोकळे सोडून. आईने लिहिलं होतं की लेनोर ग्रँटलीचा इतका छान फोटो पाठवलास, बिचारी गेली म्हणे, पण अगं तुझा स्वतःचा कधी पाठवतेस.

मी पत्र दोनदा वाचलं आणि मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. मी रोजच पाहत होते, पण जुळतंय का एवढंच पाहत होते. तिचा स्वतःचा चेहरा अजून होता. फक्त तो आठवावा लागत होता.

“मिस टर्क,” ती म्हणाली, “पहिल्या दिवशी तुम्ही माझ्याबद्दल लिहिलं होतं. तेवढं वाचून दाखवता?”

मी वाचलं. तीळ. तिने मान चाचपली. कान. तिने पाळी दोन बोटांत धरली, ती सुटी लोंबत होती. व्रण. तिने हात माझ्यापुढे धरला. सांधा गुळगुळीत होता. सात वर्षांची असताना पाव कापताना तो व्रण झाला होता, म्हणाली, आणि थंडीत दुखायचा. तिचा दुसरा हात गळ्याखालच्या हाडावर गेला होता. ते तिच्या लक्षात आलं नाही. ही सवय मी तिला शिकवली नव्हती. उरलेल्या शॉटमध्ये ती लागतच नव्हती.

काम सोड, आत्ताच्या आत्ता गाडीत बस, असं मी तिला म्हणाले. ती म्हणाली की रविवारी स्टेशनवर गेले होते. तिकिटाच्या खिडकीपर्यंत चौदा पावलं झाली आणि पाय थांबले. मग वळून परत आले.

“उद्या शेवटचा शॉट,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणा की जुळत नाही. एकदाच म्हणा. तुमचं ते ऐकतात. ते मला हाकलून देतील आणि मी घरी जाईन. मला ती भूमिका नको. मला पडद्यावर यायचंच नाही आता.”

मी तिला शब्द दिला. तिचे हात हातात घेऊन दिला.

मंगळवारी अकरा वाजता चौथ्या स्टेजवर दिवे लागले. दिव्यांतल्या तापलेल्या कार्बनचा वास सुटला. साठ माणसं गप्प झाली. शॉट सोपा होता. नायिका दारातून येते, खिडकीपर्यंत जाते, खिडकी उघडते. सगळं मागून.

डॅग्नी दारात उभी राहिली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा ती डॅग्नी होती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

ती चालली. मी मोजत होते. सातव्या पावलाला खुर्ची आली. दोन बोटं टेकली. डावा खांदा अर्धा इंच खाली. चौदाव्या पावलाला खिडकी.

तिने खिडकी उघडली.

मग ती वळली. वळायचं नव्हतं.

कोणीच कट म्हणालं नाही. कॅमेरा फिरत राहिला. ती अर्धे मिटलेले डोळे आमच्यावरून फिरवत उभी होती, जशी लेनोर प्रत्येक शॉटनंतर उभी राहायची, कोणीतरी शाल आणून देईल म्हणून. आणि वेशभूषेची बाई शाल घेऊन पुढे गेली. साठ माणसांत एकाचाही चेहरा बदलला नाही.

कील साहेब माझ्याकडे वळले. “विनी, जुळतंय?”

मी शोधलं. देवाशपथ शोधलं. मान, कान, हात, खांदा, गाऊनची चुणी, केसांची बट. एक, फक्त एक खोट मिळाली असती तर मी ओरडून सांगितली असती. एकही नव्हती.

खोटं बोलायचं होतं. एवढंच करायचं होतं. दोन शब्द. जे काम कुठलाही नट सकाळी उठल्या उठल्या करतो, ते मला आलं नाही. माझा हात सोळा वर्षं खरं तेच लिहीत आला होता आणि त्याने खरं तेच लिहिलं.

“जुळतंय,” मी म्हणाले.

संध्याकाळी मी वेशभूषेच्या खोलीत गेले. डॅग्नीचा निळा कोट खुंटीवर होता, खाली तिचे बूट. ती गेली कुठे, कोणालाच सांगता आलं नाही. ती राहायची त्या घराच्या मालकिणीने असं नाव कधी ऐकलंच नाही असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी चित्रण पाहिलं तर शेवटच्या शॉटमध्ये नायिका खिडकी उघडते आणि तशीच उभी राहते. ती वळतच नाही. खिडकीच्या काचेत काही नव्हतं.

चित्र खूप चाललं. लोक रुमाल भिजवून बाहेर पडायचे.

फेब्रुवारीत डॅग्नीची आई आली. श्रीमती लिंडक्विस्ट, तीन दिवस आगगाडीत बसून. तिची पत्रं परत येत होती. फाटकावरच्या माणसाने तिला माझ्याकडे पाठवलं, कारण लेकीच्या शेवटच्या पत्रात माझं नाव होतं. जाड लोकरी कोट, पायांत गावचे बूट, आणि चेहरा रुंद, मोकळा. मी तिला छोट्या खोलीत नेऊन ते अकरा शॉट दाखवले. सांगितलं, ही तुमची मुलगी.

ती नीट बघत होती. शेवटी हलकेच म्हणाली, “नाही हो. ही लेनोर ग्रँटली. हिला पाठीवरूनही ओळखते मी, दर शनिवारी बघते ना.”

ती रागावली नाही. उलट माझीच समजूत काढायला लागली की तुमच्याकडे रोज किती मुली येतात, कोणाकोणाला लक्षात ठेवणार. मग पिशवीतून तिने कापडात गुंडाळलेला एक फोटो काढला. तो पाहिलात की आठवेल, म्हणाली. डॅग्नी सात वर्षांची होती. पाव कापताना बोट कापून घेतलं त्याच दिवशी फिरता फोटोवाला गावात आला. बोटाला चिंधी बांधलेली, डोळे रडून लाल, तसंच तिला खुर्चीशेजारी उभं केलं.

तिने फोटो माझ्या हातात देण्याआधी स्वतः पाहिला. अंगठ्याने जरासा पुसला. पुन्हा पाहिला.

“चिंधी दिसत नाही, दुसऱ्या हाताला असेल,” ती म्हणाली, आणि फोटो माझ्यापुढे धरला.

फ्रॉक घातलेली लहान मुलगी होती. मी चेहऱ्याकडे पाहिलं नाही. हिंमत झाली नाही. सवयीने आधी खांदे पाहिले, आणि मग खुर्चीच्या पाठीवर टेकलेली दोन बोटं.